लेझर करायच्या आधी नंबर काढणाऱ्याला विचारा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर पारा ४४-४५ ला टेकलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक पोरगा दुकानात आला. भुसावळकडचा, एकवीस-बावीसचा, मामाकडे आलेला. म्हणे दादा, डोळे चेक करून द्या, सिक्स बाय सिक्स आहे का बघा, रेल्वेचा फॉर्म भरायचाय. बसवला, चार्ट लावला, दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ न अडखळता वाचली, एकदम खूश. मी सवयीने स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळा बघितला तर कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या, कडेकडेने बारीक गोल रेघ दिसली, फ्लॅपची, म्हणजे लेझरसाठी उचलून परत बसवलेल्या वरच्या पापुद्र्याची. विचारलं लेझर केलंय का. हो म्हणे, सहा महिने झाले, पावणेदोन नंबर होता, वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून केलं. आणि फॉर्म कुठल्या पोस्टचा? असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरचा मदतनीस.

मी त्याला मोबाईलवर जाहिरात उघडायला लावली आणि मेडिकलचा भाग दोघांनी मिळून वाचला. त्यात सरळ लिहिलंय की लेसिक, म्हणजे हेच लेझर, किंवा नंबर घालवायची दुसरी कुठलीही सर्जरी झालेला उमेदवार या पोस्टला चालत नाही. ए-वन, म्हणजे नजरेचा सगळ्यात कडक दर्जा असलेलं, मेडिकल लागतं, बिनचष्म्याचं सिक्स बाय सिक्स लागतं, आणि ते सर्जरी करून मिळवलेलं नको. म्हणजे चष्मा असतानाही तो या पोस्टसाठी बसत नव्हता आणि लेझरनंतरही बसत नाही, फक्त मधे घरचे पन्नासेक हजार गेले आणि तीन वर्षं अभ्यासिकेत बसून ज्या एका पोस्टची तयारी केली ती पोस्ट गेली. पोरगा काही बोलला नाही, बराच वेळ मोबाईलकडे बघत बसला. वडील रेल्वेतच, खालच्या पोस्टवर, पोराने इंजिनवर बसावं ही त्यांची इच्छा.

यात ऑपरेशन करणाऱ्याची चूक काढायला जागा नाही बरं का. ऑपरेशन चांगलं झालंय, नंबर शून्य आलाय, फ्लॅप स्वच्छ बसलाय. पण चष्मा लागल्यापासून ऑपरेशनपर्यंत या पोराचा नंबर निदान चार-पाच वेळा कुणीतरी काढला असेल, आणि त्यातल्या एकानेही त्याला विचारलं नाही की बाबा तुला चष्मा कशासाठी काढायचाय. मी हे लिहायला बसलोय ते या एका प्रश्नामुळे. माझं म्हणणं असं आहे की लेझरचं ऑपरेशन सर्जनचं असलं तरी त्याच्या आधीचं आणि नंतरचं अर्ध्याहून जास्त काम ऑप्टोमेट्रिस्टचं, म्हणजे नंबर काढायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाचं, आहे, आणि आपल्या खान्देशात ते काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही, म्हणून ते होतच नाही.

मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट, चौदा वर्षं चोपडा-यावल पट्ट्यात काम करतोय. लोक चष्मेवाला म्हणतात, त्याचं मला वाईट वाटत नाही, चष्मे तर बनवतोच. पण चष्मेवाला म्हटलं की पुढचं गृहीतक असं असतं की याला फ्रेम आणि काच कळते, डोळा कळत नाही, आणि लेझरचा विषय आला की याला विचारण्यासारखं काही नाही. माझा कोर्स चार वर्षांचा होता, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि त्यातला मोठा भाग नेमका याच गोष्टीचा की डोळ्याचा नंबर खरा किती, तो बदलतोय का, बदलत असेल तर का.

लेझर नेमकं काय करतं ते आधी सांगतो, कारण तिथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक थर असतो तो कॉर्निया, मधोमध जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, मायक्रॉनमध्ये ५४० च्या आसपास. एक्सायमर लेझर, १९३ नॅनोमीटरचा, हा थर मायक्रॉन-मायक्रॉन करून उडवतो आणि कॉर्नियाचा आकारच बदलतो. आजूबाजूची पेशी न जाळता इतकं नाजूक काम हा लेझर करू शकतो हे १९८१ मध्ये ज्यांनी दाखवलं त्यातले एक रंगास्वामी श्रीनिवासन, मूळचे मद्रासचे, आयबीएममध्ये काम करणारे केमिस्ट. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस लॅबमध्ये नेऊन त्यांनी त्यावर लेझर मारून बघितला होता. डोळ्याचे डॉक्टर नव्हते ते. ही ट्रीटमेंट जन्मली तीच वेगवेगळ्या कामाच्या लोकांच्या हातून.

तर हा लेझर एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया काढतो. किती काढायचा हे मशीन स्वतः ठरवत नाही, ते ठरतं नंबरवरून, आणि नंबर काढतो माणूस. मोठ्या सेंटरला जाऊन बघा, आधी तुम्हाला अंधाऱ्या खोलीत बसवून ट्रायल फ्रेम लावून 'हे बरं की ते बरं' विचारणारा जो असतो ना, तो बहुतेक वेळा ऑप्टोमेट्रिस्टच असतो. त्याने लिहिलेला आकडा लेझरच्या प्लॅनिंगमध्ये जातो. चष्म्यात अर्धा नंबर चुकला तर काच बदलता येते, चार-पाचशेचा प्रश्न. कॉर्नियावर चुकला तर उडालेला थर परत आणता येत नाही.

आणि नंबर चुकतो कसा हे मी रोज बघतो. गावोगावी बॅनर असतात, कॉम्प्युटरद्वारे मोफत डोळे तपासणी. मशीनसमोर हनुवटी टेकवली, आत फुगा दिसला, पावती निघाली, नंबर मायनस सव्वादोन. आता हा पोरगा दिवसातले बारा तास अभ्यासिकेत बसतोय, मधल्या वेळेत मोबाईल, त्याच्या डोळ्यातला जवळ फोकस करणारा स्नायू आखडून बसलाय, आणि मशीनला त्या आखडलेल्या स्नायूचा नंबर दिसतोय. थेंब टाकून तो स्नायू सैल करा, तासभर थांबा, मग रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं हातातलं यंत्र, घेऊन बघा, तोच नंबर मायनस सव्वा निघतो. एक अख्खा नंबर खोटा. वीस वर्षांच्या पोरावर त्या सव्वादोनचं लेझर झालं तर डोळा प्लसमध्ये जातो, आधी काही वर्षं तरुणपणाच्या जोरावर निभतं, वाचताना डोकं दुखतं, आणि मग चाळिशीच्या बरंच आधी जवळचा त्रास सुरू. चांगल्या सेंटरला थेंब टाकून तपासतातच, मी नाही म्हणत नाही. पण इथून पहाटेच्या गाडीने निघालेला, दोन वाजता परतीची गाडी पकडायची म्हणून घाई करणारा पेशंट थेंब नको म्हणतो, कारण थेंबाने दिवसभर जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, आणि सोबत आलेला काका म्हणतो लवकर उरका. हेच थेंब इथे तालुक्याला, घरापासून दहा मिनिटांवर, आठ दिवस आधी टाकून झाले असते तर? मी थेंब टाकायचे नाहीत असं कुणाला वाटत असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली टाका, पण इथे टाका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती म्हणजे वेळ. लेझर करायचं तर वय अठराच्या वर हवं आणि किमान वर्षभर नंबर अर्ध्याच्या वर हललेला नको, हा नियम सगळे सांगतात. पण हललेला नाही हे सांगणार कोण? नाशिकच्या, पुण्याच्या, सुरतच्या सर्जनसमोर तो पेशंट पहिल्यांदा येतो, एका सकाळी. त्यांच्याकडे त्याचा आजचा डोळा आहे. कालचा डोळा माझ्या रजिस्टरमध्ये आहे. सातवीत असताना पहिला चष्मा, नववीत एक नंबर, बारावीत पावणेतीन, हे सगळं तारखेसकट माझ्याकडे लिहिलेलं असतं, आणि असे जुन्या वह्या सांभाळून ठेवणारे आमच्यात बरेच आहेत. ती वही कुणी मागत नाही. पेशंटला विचारलं तर तो म्हणतो 'नंबर तोच आहे साहेब दोन वर्षांपासून', कारण त्याने दोन वर्षं चष्माच बदललेला नसतो.

या वहीने काय होतं याचा एक अनुभव सांगतो. शहाद्याकडचा एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, त्याचे आईवडील कामाला इकडे असायचे म्हणून चष्मा माझ्याकडे. लहानपणापासून डोळ्यांना खाज, उन्हाळा आला की लाल डोळे, सारखा चोळणार. आपल्याकडे हे कॉमन आहे, कोरडं ऊन, धूळ, कापसाचा सीझन, पोरं मुठीने डोळे चोळतात आणि आया म्हणतात उष्णता आहे, दही लावा. याचा सिलेंडरचा, म्हणजे कॉर्निया सगळीकडून सारखा गोल नसल्याचा, नंबर सहा-सहा महिन्यांनी वाढत होता आणि अ‍ॅक्सिस म्हणजे त्या नंबरची दिशा सरकत होती. तिसऱ्या वेळी रेटिनोस्कोप मारला तर आतली लाल चमक कात्रीसारखी हलत होती, दोन पाती उघडमीट करतात तशी. हे केराटोकोनसचं लक्षण, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. असल्या डोळ्यावर लेसिक केलं तर आधीच कमजोर भिंतीची वीट काढल्यासारखं आहे, कॉर्निया अजून फुगतो आणि नजर जाते ती चष्म्यानेही परत येत नाही. आणि हा मुलगा पुढच्या महिन्यात लेझरला निघाला होता, मित्राने केलं म्हणून. मी चार ओळींचं पत्र लिहून दिलं, तीन वर्षांचे नंबर त्यात उतरवले, टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा स्कॅन, केल्याशिवाय पुढे जाऊ नका असं लिहिलं. तिकडे स्कॅन झाला, निदान पक्कं झालं, लेझरऐवजी सी-थ्री-आर केलं, त्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकून अल्ट्राव्हायलेट किरणांनी कॉर्निया घट्ट करतात, आजार तिथेच थांबावा म्हणून. मोठ्या सेंटरच्या टोपोग्राफीवर हे कदाचित सापडलंच असतं. पण सुरुवातीचा केराटोकोनस एका दिवसाच्या स्कॅनवर काठावरचा दिसतो, 'ठीक वाटतंय' असाही रिपोर्ट येऊ शकतो, आणि तेव्हा तीन वर्षं अ‍ॅक्सिस सरकतेय ही माहिती निर्णय फिरवते. माझा रेटिनोस्कोप काही हजारांचा आहे, टोपोग्राफीचं मशीन लाखांचं. दोन्हीची गरज आहे, आणि आधी माझी.

आता सोन्याच्या कारागिराचं सांगतो, कारण हा प्रकार मला अजून जास्त खुपतो. जळगाव म्हणजे सराफ्याचं गाव, तिथे बारीक काम करणारे कारागीर, चाळीस-पंचेचाळीसचे, मायनस अडीच नंबर. लांबचा चष्मा लावतात, आणि काम करताना चष्मा काढून बाजूला ठेवतात, कारण मायनस अडीचचा माणूस बिनचष्म्याने चाळीस सेंटिमीटरवर लख्ख बघतो. हे त्याचं भांडवल आहे, त्याच्या वयाचे बाकीचे लोक पोत ओवायला चष्मा शोधतात. असा माणूस पोराचं बघून म्हणतो माझंही लेझर करून टाका. लेझर झालं की लांबचा चष्मा जातो आणि त्याच दिवशी जवळचा लागतो, दिवसातले दहा तास. त्याच्यासाठी हा सौदा तोट्याचा आहे. टेलर, रफू करणारे, चाळिशीतले मास्तर ज्यांना दिवसभर पेपर तपासायचेत, सगळ्यांचं तेच. हे समजावायला मशीन लागत नाही. ट्रायल फ्रेममध्ये त्याचा पूर्ण नंबर घालायचा, हातात त्याचंच काम द्यायचं आणि म्हणायचं कर आता. दोन मिनिटांत कळतं त्याला. पण तुम्ही पोटासाठी काय काम करता हे विचारायला कुणीतरी हवं ना. मोठ्या ठिकाणी फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो, त्यात तो 'सर्व्हिस' लिहितो आणि विषय संपतो.

लग्नाचं वेगळंच. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लग्नं, त्यामुळे होळीनंतर मुलींना घेऊन आया येतात. 'भाऊ, पोरनं लगीन शे, चष्मा काढी टाका.' मुलीला विचारलं तर तिला चष्म्याचा काही त्रास नसतो, त्रास बघायला येणाऱ्यांना असतो. अशा मुलीचं नऊ नंबरचं लेझर करायचं, कॉर्निया ४९० मायक्रॉन. हिशोब मांडून बघा, फ्लॅपला ११० गेले, नऊ नंबरला सव्वाशे गेले, खाली उरले २५५. किमान २५० उरायला हवेत असं म्हणतात, आता बरेच सर्जन ३०० धरून चालतात. काठावरचा डोळा. अशा वेळी लेझर नको म्हणणं किंवा डोळ्यात लेन्स बसवायचा पर्याय मोकळेपणाने सांगणं, हे लग्नाची तारीख ठरायच्या आधी व्हायला हवं, नंतर झालं की घरातलं कुणी ऐकत नाही. आणि लग्नानंतर वर्षभरात दिवस गेले तर गरोदरपणात, दूध पाजत असताना लेझर करत नाहीत, नंबर हलतो, म्हणून मग आत्ताच उरका ही घाई अजून वाढते. मला यात आईलाही दोष देववत नाही. पण त्या मुलीच्या बाजूने बोलणारं त्या टेबलाशी कुणीतरी असावं असं फार वाटतं.

आता ऑपरेशननंतरचं. यावर तर कुणी बोलतच नाही. लेझरनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासणी असते. पहिल्या एक-दोन तपासण्या सगळे करतात, कारण पट्टीसारखा काळा चष्मा असतो आणि भीती असते. मग दिसायला लागलं की संपलं. तळोद्याहून नाशिकला एका तपासणीसाठी जायचं म्हणजे आख्खा दिवस, एसटीचं भाडं, रोज बुडणार, सोबतीच्याचाही. न जाणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही. पण मग होतं काय, लेझरमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, डोळ्यात पाणी कमी येतं, कोरडेपणा सहा महिने वर्षभर राहू शकतो, आणि आपला उन्हाळा म्हणजे कोरडेपणाचं माहेरघर. पोरगा महिन्याभरात कापसावर फवारणीला उभा, वारं समोरून, डोळे चुरचुरले की चोळणार, आणि नाही बरं वाटलं की मेडिकलवाल्याकडून तीच आधीची बाटली परत आणणार. ती बाटली बऱ्याचदा स्टिरॉइडची असते. सर्जनने ती आठ-पंधरा दिवसांसाठी दिलेली, हा चार महिने टाकतो कारण टाकली की लाली जाते. स्टिरॉइडने काहींचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, दुखत नाही, दिसत नाही, आणि आतली नस मरत जाते. त्यात अजून एक गुंता असा की लेझरनंतर कॉर्निया पातळ झालेला असल्यामुळे प्रेशर मोजलं तर खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणजे मशीन सतरा दाखवतंय आणि सगळे निश्चिंत. ज्याला लेझरची हिस्ट्री माहीत नाही तो हे पकडणारच नाही.

एका बाईंच्या बाबतीत हे मी पकडलं आणि त्याआधी दोन जणांच्या बाबतीत माझ्या हातून निसटलं असणार, कारण तेव्हा मी विचारतच नव्हतो. म्हणून आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, डोळ्याचं कुठलंही ऑपरेशन झालंय का, आणि कुठली बाटली चालू आहे ती आणून दाखवा.

महिन्याची, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची तपासणी तालुक्यालाच का होऊ नये? नजर मोजणं, उरलेला नंबर काढणं, हिरवा रंग टाकून कॉर्निया कोरडा पडलाय का बघणं, प्रेशर मोजून सोबत जाडी लिहिणं, बाटल्या बंद झाल्यात का विचारणं, हे सगळं प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट करू शकतो आणि फोटोसकट सर्जनला मोबाईलवर पाठवू शकतो. दुखतंय, नजर अचानक कमी झाली, डोळ्याला मार लागला, फ्लॅप सरकल्यासारखा दिसतोय, तर एक तासही न थांबता त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं, हेही त्यालाच पहिल्यांदा कळेल, कारण पेशंट पहिल्यांदा त्याच्याच दारात येणार. अमेरिकेत हे आधीपासून चालतं, को-मॅनेजमेंट म्हणतात, आधीची आणि नंतरची तपासणी जवळचा ऑप्टोमेट्रिस्ट करतो, ऑपरेशन सर्जन, आणि कुणाची फी किती हे पेशंटला माहीत असतं.

यावर जे आक्षेप येतात त्यातला पहिला डोळ्यांच्या डॉक्टरांचा, की आज हे तपासतो म्हणतील, उद्या ऑपरेशन करतो म्हणतील. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टना काही लेझर प्रोसिजर करायची परवानगी दिली, नंतर अजून काही राज्यांनी दिली, त्यामुळे ही भीती हवेतली नाही. माझं मत स्पष्ट आहे, मला लेझर हातात नको. फ्लॅप फाटला, इन्फेक्शन झालं तर ते सांभाळायचं शिक्षण माझं नाही, सर्जनचं आहे. माझं शिक्षण ज्याचं आहे तेवढं मला पूर्ण करू द्या, आणि ते मी केलंय हे कागदावर दिसू द्या.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला टोचतो. चष्म्याच्या दुकानात बसलेला प्रत्येक माणूस ऑप्टोमेट्रिस्ट नसतो. आठवी-दहावी झालेला पोरगा ऑटोरेफ, म्हणजे नंबरची पावती देणारं ते मशीन, चालवायला शिकतो आणि नंबर काढतो, लोक त्यालाही डॉक्टर म्हणतात. मग कुणाच्या पत्रावर विश्वास ठेवायचा? यावर उत्तर नोंदणीचंच आहे. २०२१ मध्ये अलाइड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्रीय कायदा झाला, त्यात ऑप्टोमेट्री आली, म्हणजे कुणी काय शिकलंय, कुणाला काय करता येईल याची देशपातळीवरची चौकट पहिल्यांदा कायद्यात आली. आमच्या व्यवसायातल्यांनी याचा आग्रह धरायला हवा, आणि नोंदणीचा नंबर दुकानाच्या पाटीवर लिहायला हवा, फ्रेमच्या ब्रँडपेक्षा मोठा. शिवाय ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत, सरकारी पगारावर, मोतीबिंदूच्या शिबिरांत तेच राबतात, शाळेतली पोरं तेच तपासतात. लेझरला जाणाऱ्या पोराचं नंबरचं कार्ड त्यांनी भरून दिलं तर निदान त्यात कुणाचा धंदा आहे असं म्हणता येणार नाही.

कारण तिसरा आक्षेप धंद्याचाच आहे. एक तर लोक म्हणतात चष्मे विकणारा माणूस चष्मा काढा असं कशाला सांगेल. आणि दुसरं, जे लोक उघड बोलत नाहीत, ते म्हणजे कट. पेशंट पाठवला की पाठवणाऱ्याला पैसे. मलाही विचारणा झालीय, कुणाकडून ते लिहीत नाही. कट प्रॅक्टिसविरोधात राज्यात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा झाला होता, तेव्हा चर्चा बरीच झाली आणि विषय थंडावला. मी आधी सांगितलेलं सगळं या एका गोष्टीने मातीत जातं. ज्याला पेशंट पाठवल्याचे पैसे मिळतात तो नको जाऊ असं कधीच म्हणणार नाही, आणि ऑप्टोमेट्रिस्टचं लेझरमधलं सगळ्यात मोलाचं काम कुठलं असेल तर नको जाऊ म्हणणं. म्हणून पैसे पेशंटकडूनच घ्यावेत, तपासणीचे, पावती देऊन, मग तो लेझर करो न करो. तीनशे घ्या, पाचशे घ्या, पण चष्म्याच्या बिलात लपवू नका आणि हॉस्पिटलकडून चहाही घेऊ नका. आपल्या लोकांना डोळे तपासायचे पैसे द्यायची सवय नाही हे मला माहितीय, तपासणी फुकट आणि फ्रेमवर मार्जिन हीच रीत आम्ही लावलीय, तर ती मोडायचं कामही आम्हालाच करावं लागेल.

आणि लेझर सेंटरवाल्यांना माझं मागणं एवढंच आहे की खान्देशातला पेशंट आला की त्याला विचारा तुझा चष्मा कोण बनवतं, त्याला फोन लावा. जुने नंबर मागवा. आणि ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या हातात एक कार्ड द्या, त्यात आधीचा नंबर, आधीची कॉर्नियाची जाडी, आधीचे के रीडिंग, म्हणजे कॉर्नियाच्या गोलाईचं माप. हे फाइलमध्ये असतं, पण फाइल पुण्यात असते. वीस-पंचवीस वर्षांनी या माणसाला मोतीबिंदू होईल, आत बसवायच्या लेन्सचा पॉवर काढताना कॉर्नियाची गोलाई मोजतात, आणि लेझर झालेल्या डोळ्यावर नेहमीचं गणित चुकतं, ऑपरेशननंतर माणूस प्लसमध्ये जातो. तेव्हा ही तीन आकड्यांची चिठ्ठी फार कामाला येते. मी तर सांगतो लॅमिनेट करून रेशन कार्डासोबत ठेवा. त्याच कार्डावर मागे ठळक अक्षरात लिहा की चष्मा गेला तरी डोळा मायनसचाच आहे, मागचा पडदा ताणलेलाच आहे, वर्षातून एकदा पडदा तपासा. सात-आठ नंबरवाल्यांना वाटतं नंबर गेला म्हणजे आजार गेला, आणि मग काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं तरी ते आठ-आठ दिवस घरी बसून राहतात.

नोकरीचंही त्या कार्डाच्या आधी विचारा. रेल्वेचं वर सांगितलंच. सैन्यात अधिकारी म्हणून जायचं असेल तर लेझर चालतं, पण वयाच्या विसाव्या वर्षानंतर केलेलं हवं, बारा महिने झालेले हवेत, कॉर्निया ४५० मायक्रॉनच्या खाली नको, अशा अटी असतात. पोस्टनुसार फरक पडतो, नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवून बोला. आपल्या जिल्ह्यांत पोरांचा अर्धा जन्म भरतीच्या मागे जातो, आणि चष्मा काढायचं खरं कारण निम्म्या वेळा तेच असतं.

त्या भुसावळच्या पोराला मी दुसऱ्या पोस्टच्या मेडिकलचे निकष काढून दिले, ज्यात चष्मा चालतो, लेझर चालतं. तो आता त्याची तयारी करतोय, आवडीने करतोय असं नाही म्हणता येणार. मागच्या आठवड्यात त्याचे वडील स्वतः आले, धाकट्याला घेऊन. अकरावीत आहे, त्यालाही इंजिनच चालवायचंय, आणि कुठल्यातरी शिबिरात मशीनने पाऊण नंबर काढून हातात पावती दिली होती. वडिलांनी ती पावती खिशात चार घड्या घालून ठेवली होती, माझ्यासमोर उलगडून ठेवली आणि काही न बोलता बसून राहिले. थेंब टाकले, तासभर थांबवलं, पाव नंबर निघाला. चार्टवर शेवटची ओळ वाचतोय, दोन अक्षरं चुकतोय. चष्मा दिलेला नाही. मोबाईल, अभ्यासाचं अंतर, रोज दोन तास बाहेर उजेडात राहणं, हे सगळं वडिलांसमोर सांगितलंय, वहीत तारीख टाकून नंबर लिहिलाय, आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय.